कमी तापमानातील बाष्प निक्षेपणासाठी ऑरगॅनोमेटॅलिक प्रिकर्सर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रसायन, पदार्थविज्ञान आणि अभियांत्रिकीचे पदव्युत्तर विद्यार्थी, तसेच एएलडीचे (अणुस्तर निक्षेपणाचे) यंत्र नव्याने हाती आलेले सहकारी जे प्रश्न सतत पाठवत असतात ते येथे एकत्र केले आहेत. बाष्प निक्षेपण म्हणजे वाफेतून पृष्ठभागावर पातळ थर बसवणे, आणि कमी तापमान म्हणजे या पानावर साधारणपणे १५० अंश सेल्सिअस आणि त्याखालचे तापमान. ज्या मुद्द्याचे उत्तर दुसरीकडे आले आहे, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. प्रिकर्सर म्हणजे नेमके काय, आणि त्यासाठी धातूला सेंद्रिय गट कशाला जोडायचे?

बहुतेक धातूंची वाफ करायची तर त्यांना हजार अंशांच्याही पुढे तापवावे लागते. धातूच्या अणूभोवती सेंद्रिय गट, म्हणजेच लिगंड, बांधले की तयार होणारे रेणू एकमेकांना फारसे धरून राहत नाहीत आणि सौम्य तापमानालाच बाष्परूप घेतात. ही वाफ नळीतून चेंबरमध्ये नेता येते आणि सब्स्ट्रेटवर, म्हणजे ज्यावर थर बसवायचा त्या पृष्ठभागावर, पोहोचल्यावर लिगंड काढून टाकून धातू, ऑक्साइड, नायट्राइड किंवा सल्फाइड मागे ठेवता येते. लुडविग मॉन्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९० मध्ये जाहीर केलेले निकेल कार्बोनिल हे याचे जुने उदाहरण आहे. ते ४३ अंशांना उकळते आणि आणखी तापवल्यास शुद्ध निकेल सोडते.

चांगल्या प्रिकर्सरकडून चार गोष्टींची अपेक्षा असते. त्याला पुरेसा बाष्पदाब असावा, साठवणीच्या डब्यात तो महिनोन्‌महिने टिकावा, पृष्ठभागावर मात्र त्याने तत्परतेने अभिक्रिया करावी आणि त्या अभिक्रियेतून निघणारे उपपदार्थ वायुरूपात निघून जावेत. डब्यातला टिकाऊपणा आणि पृष्ठभागावरची तत्परता या मागण्या एकमेकींच्या विरोधात जातात, आणि या क्षेत्रातले जवळजवळ सगळे रसायनशास्त्र त्या ओढाताणीतूनच घडले आहे.

२. सीव्हीडीसाठी (रासायनिक बाष्प निक्षेपणासाठी) घेतलेला प्रिकर्सर एएलडीला चालतो का?

काही वेळा चालतो, पण दोन्ही पद्धतींच्या अपेक्षा वेगळ्या आहेत. सीव्हीडीमध्ये प्रिकर्सर आणि सहअभिकारक एकाच वेळी सोडतात आणि तापलेल्या पृष्ठभागावर रेणू फुटणे हीच अपेक्षित घटना असते. हॅरॉल्ड मॅनासेविट यांनी १९६८ मध्ये गॅलियमच्या अल्किल संयुगापासून आणि आर्सिनपासून गॅलियम आर्सेनाइडचा एकस्फटिकी थर वाढवून दाखवला, आणि एमओसीव्हीडीची, म्हणजे धातू-सेंद्रिय संयुगांनी केलेल्या सीव्हीडीची, आजची वाट तेथून रुंदावत गेली.

एएलडीमध्ये दोन अभिकारक आळीपाळीने सोडतात आणि मध्ये निष्क्रिय वायूने चेंबर धुऊन काढतात. प्रत्येक अभिकारक पृष्ठभागावरच्या उपलब्ध गटांशी अभिक्रिया करून आपोआप थांबतो. येथे रेणू स्वतःहून फुटला तर हे थांबणेच नाहीसे होते आणि जाडीवरचा ताबा सुटतो. ही पद्धत फिनलंडच्या तुओमो सुंटोला यांनी १९७४ पासून सपाट प्रदीप्त पडद्यांसाठी विकसित केली. सोव्हिएत संघात अलेस्कोव्स्की आणि कोल्त्सोव्ह यांनी त्याच तत्त्वावर साठच्या दशकात केलेल्या कामाचाही उल्लेख व्हायला हवा, कारण तो अनेकदा राहून जातो. पुढची बहुतेक उत्तरे एएलडीच्या अनुषंगाने दिली आहेत, कारण कमी तापमानाची गरज आज तेथेच अधिक भासते.

३. सगळे जण ट्रायमिथिल अॅल्युमिनियमपासूनच सुरुवात का करतात?

कारण प्रश्न १ मधल्या चारही अपेक्षा एकत्र पूर्ण करणारा दुसरा रेणू सापडणे कठीण आहे. ट्रायमिथिल अॅल्युमिनियम, म्हणजे टीएमए, १५ अंशांना वितळते आणि १२५ अंशांच्या आसपास उकळते. खोलीच्या तापमानाला त्याचा बाष्पदाब १० टॉरच्या घरात असल्यामुळे डबा तापवावाच लागत नाही. पृष्ठभागावरच्या हायड्रॉक्सिल गटाला भेटताच त्यातला एक मिथिल गट हायड्रोजन घेऊन मिथेनच्या रूपाने निघून जातो आणि अॅल्युमिनियम ऑक्सिजनला जोडले जाते. पुढच्या फेरीत पाण्याची वाफ उरलेले मिथिल गट काढते आणि नवे हायड्रॉक्सिल तयार करते. मिथेन पृष्ठभागाला चिकटत नाही आणि थरावर हल्लाही करत नाही. क्लोराइड प्रिकर्सरमधून निघणारा हायड्रोजन क्लोराइड वायू यंत्र आणि थर दोन्ही कुरतडतो, हे लक्षात घेतले म्हणजे मिथेनच्या निरुपद्रवीपणाचे मोल कळते.

ही अभिक्रिया मोठ्या प्रमाणावर उष्णता सोडणारी आहे आणि तिला बाहेरून उष्णतेची फारशी मदत लागत नाही. म्हणूनच टीएमए आणि पाणी यांच्यापासून ३३ अंशांनाही अॅल्युमिनाचा थर बसवता आला आहे. एका चक्रात मिळणारी जाडी साधारण १.१ ते १.३ अँगस्ट्रॉम (नॅनोमीटरचा दहावा भाग) असते. पूर्ण एकअणुस्तरापेक्षा ती कमीच आहे. पृष्ठभागावरच्या गटांची संख्या आणि मिथिल गटांनी अडवलेली जागा ही त्याची कारणे आहेत.

४. प्रिकर्सर कमी तापमानाला अभिक्रिया करतो, मग तापमान उतरवल्यावर थर बिघडतो कशामुळे?

बहुतेक वेळा दोष प्रिकर्सरचा नसून पाण्याचा असतो. तापमान उतरले की पाण्याचे रेणू चेंबरच्या भिंतींना आणि सब्स्ट्रेटला अधिक काळ धरून राहतात. दोनशे अंशांना पाच सेकंदांत निघून जाणारे पाणी चाळीस अंशांना मिनिट-दोन मिनिटे रेंगाळते. तेवढ्यात टीएमएची पुढची फेरी आली तर दोन्ही वाफा एकत्र भेटतात आणि एएलडीच्या जागी अनियंत्रित सीव्हीडी सुरू होते. वायू ज्या बाजूने आत येतो तेथे थर जाड होतो, दुसऱ्या टोकाला पातळ राहतो आणि कधी चेंबरमध्ये पांढरी भुकटी दिसते.

हिशेब करून पाहिल्यास अडचण नेमकी कळते. पंचवीस नॅनोमीटर अॅल्युमिनासाठी एका चक्राला १.२ अँगस्ट्रॉम धरले तर सुमारे २१० चक्रे लागतात. बारा सेकंदांचे चक्र असेल तर हे काम पाऊण तासाच्या आत होते. पर्ज, म्हणजे चेंबर धुऊन काढण्याची वेळ, वाढवून चक्र नव्वद सेकंदांचे केले तर तेच काम सव्वापाच तासांवर जाते. कमी तापमानाची किंमत अशी वेळेत मोजावी लागते, आणि ती टाळण्यासाठी पर्ज छाटणे हे थर बिघडण्याचे सर्वांत नेहमीचे कारण आहे. नवा प्रिकर्सर मागवण्याआधी पर्जची वेळ दुप्पट करून पाहावी, असा आमचा आग्रह असतो.

दुसरा परिणाम थराच्या घडणीवर होतो. हायड्रॉक्सिल गट पूर्ण निघत नाहीत, थरात हायड्रोजन उरतो आणि घनता उतरते. टीएमए व पाणी यांच्या थरांची घनता १७७ अंशांना घन सेंटिमीटरला सुमारे ३.० ग्रॅम आणि ३३ अंशांना सुमारे २.५ ग्रॅम मोजली गेली आहे. अपवर्तनांकही त्याबरोबर खाली येतो, त्यामुळे एलिप्सोमीटरवर (प्रकाशाच्या ध्रुवणावरून थर मोजणाऱ्या उपकरणावर) जाडी काढताना दोनशे अंशांच्या थरासाठी ठरवलेला अपवर्तनांक तसाच वापरू नये.

५. पाण्याऐवजी ओझोन किंवा ऑक्सिजन प्लाझ्मा घेतला तर हा प्रश्न सुटतो का?

बऱ्याच अंशी सुटतो. प्लाझ्मातले ऑक्सिजनचे मूलक अल्पायुषी असतात आणि भिंतीला चिकटून राहत नाहीत. प्लाझ्मा बंद केला की त्यांचा पुरवठा थांबतो. टीएमए आणि ऑक्सिजन प्लाझ्मा यांच्यापासून खोलीच्या तापमानालाही अॅल्युमिना मिळतो. पाण्याशी मंद वागणाऱ्या प्रिकर्सरनाही, उदाहरणार्थ सिलिकॉनच्या अमिनोसिलेनना, प्लाझ्मामुळे शंभर अंशांच्या आत कामाला लावता येते. फोटोरेझिस्टच्या (प्रकाशसंवेदी पॉलिमरच्या) रेषांवर थेट सिलिकॉन डायऑक्साइड बसवण्याची रीत त्यावरच उभी आहे.

मात्र तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मिथिल गट जळताना कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होते, तेव्हा पाण्यापासून पूर्ण सुटका होत नाही, आणि फार कमी तापमानाला थरात कार्बोनेट अडकू शकते. प्लाझ्मातले आयन व अतिनील किरण नाजूक सेंद्रिय थरांना इजा करतात. खोल आणि अरुंद खाचांत मूलक भिंतींवर आदळून नष्ट होतात, त्यामुळे तळापर्यंत सारखा थर जात नाही. खाच खोल असेल आणि सब्स्ट्रेट सेंद्रिय असेल तर पाणी आणि लांब पर्ज हाच मार्ग आम्हाला अधिक विश्वासाचा वाटतो.

६. माझ्या सब्स्ट्रेटसाठी कमाल तापमान किती धरावे?

पेट (पॉलिइथिलीन टेरेफ्थॅलेट, पीईटी) फिल्मचे काचसंक्रमण, म्हणजे प्लास्टिक मऊ पडू लागण्याचे तापमान, ७० ते ८० अंशांच्या दरम्यान असते, पेनचे (पॉलिइथिलीन नॅफ्थॅलेट, पीईएन) १२० अंशांच्या आसपास, तर पॉलिइमाइड तीनशे अंशही सोसते. ओएलईडीच्या (सेंद्रिय प्रकाश-उत्सर्जक डायोडच्या) सेंद्रिय थरांसाठी शंभर अंशांच्या आतच राहावे. चिपवरच्या धातूच्या जोडण्या झाल्यानंतरच्या टप्प्यांना ४०० अंशांची मर्यादा सर्वसाधारणपणे मानली जाते; ते या पानाच्या व्याख्येत कमी तापमान नाही, पण त्या उद्योगात त्यालाही कमीच म्हणतात. प्रबंध वाचताना हा फरक तपासून घ्यावा.

७. प्लास्टिकवर पहिली कित्येक चक्रे थरच दिसत नाही. प्रिकर्सर खराब झाला आहे का?

बहुधा नाही. पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनवर हायड्रॉक्सिल गटच नसतात, तेव्हा टीएमएला जोडून घ्यायला जागा मिळत नाही. टीएमए पॉलिमरच्या पृष्ठाखाली झिरपते, पुढच्या फेरीत आलेले पाणी तेथेच त्याला गाठते आणि पृष्ठाजवळ अॅल्युमिनाचे सूक्ष्म पुंज तयार होतात. हे पुंज एकमेकांना भिडून वाट बंद झाली की त्यावर नेहमीची थरवाढ सुरू होते. पृष्ठभागावर आधी थोडा वेळ ऑक्सिजन प्लाझ्मा फिरवला तर ही सुरुवात लवकर होते.

पीएमएमएसारख्या (अॅक्रिलिक प्लास्टिकसारख्या) पॉलिमरमध्ये कार्बोनिल गट टीएमएला धरून ठेवतात आणि झिरपणे आणखी खोल जाते. अडसर थर हवा असेल तर ही अडचण आहे. पॉलिमरच्या आत अजैविक पदार्थ भरायचा असेल तर मात्र हीच एक स्वतंत्र पद्धत ठरते, आणि त्यासाठी टीएमए चेंबरमध्ये कोंडून काही मिनिटे ठेवतात. दोन्ही वेळा चेंबरमधल्या जाडी मोजणाऱ्या क्वार्ट्झ क्रिस्टलवर दिसणारी वाढ आणि प्लास्टिकवरची खरी वाढ जुळत नाही, म्हणून प्रत्येक खेपेला सोबत सिलिकॉनचा तुकडा ठेवावा आणि त्याची जाडी ही प्लास्टिकवरची जाडी मानू नये.

८. अमाइड वर्गातले प्रिकर्सर ऑरगॅनोमेटॅलिक मानावेत का, आणि ते कमी तापमानाला का आवडते आहेत?

काटेकोर व्याख्येप्रमाणे ज्या संयुगात धातू आणि कार्बन यांच्यात थेट बंध आहे तेच ऑरगॅनोमेटॅलिक. टीएमए, डायइथिल झिंक आणि सायक्लोपेंटाडायनिल संयुगे त्यात बसतात. टेट्राकिस डायमिथिलअमिडो वर्गातली टायटॅनियम, हाफ्नियम व कथिल यांची संयुगे धातू-नायट्रोजन बंधावर उभी आहेत, तर बीटा-डायकिटोनेटमध्ये धातू ऑक्सिजनला बांधलेला असतो. व्यवहारात या सगळ्यांची चर्चा एकत्रच होते, पण बंधाचा प्रकार पाहिला की वागणुकीचा अंदाज बांधता येतो. धातू-नायट्रोजन बंध पाण्यापुढे सहज तुटतो, म्हणून अमाइड कमी तापमानाला तत्पर असतात. बीटा-डायकिटोनेट साठवणीला उत्तम, पण पाण्याला दाद देत नाहीत. त्यांना ओझोन आणि जास्त तापमान लागते. हार्वर्डमध्ये रॉय गॉर्डन यांच्या गटाने २००३ मध्ये पुढे आणलेली अमिडिनेट संयुगे यांच्या मधल्या जागेत येतात. त्यांत एकाच लिगंडमधले दोन नायट्रोजन धातूला धरतात, त्यामुळे टिकाऊपणा वाढतो आणि अभिक्रियाशीलता बरीचशी उरते.

कथिलाच्या अमाइडचे महत्त्व पेरोव्हस्काइट सौर घटांमुळे वाढले आहे. पाण्याबरोबर ते शंभर अंशांच्या आतही कथिल ऑक्साइड देते, आणि हा थर पुढे पारदर्शक इलेक्ट्रोड स्पटर करताना (आयनांच्या माऱ्याने बसवताना) खालच्या थरांचे रक्षण करतो. पेरोव्हस्काइटवर थेट प्रिकर्सर आणि पाणी सोडले तर ते विघटित होऊ शकते, म्हणून मध्ये फुलरीनचा (कार्बनच्या पोकळ रेणूंचा) थर असणे आवश्यक आहे. अमाइडची दुबळी बाजू डब्यात दिसते. त्याविषयी प्रश्न १० पाहावा.

९. ऑक्साइड जमले, पण धातूचा थर कमी तापमानाला का जमत नाही?

ऑक्साइडसाठी धातूची ऑक्सिडेशन अवस्था बदलावी लागत नाही, लिगंडची अदलाबदल पुरते. धातूसाठी मात्र इलेक्ट्रॉन पुरवावे लागतात आणि कमी तापमानाला तत्परतेने इलेक्ट्रॉन देणारा, वायुरूप, स्वच्छ क्षपणक मिळणे अवघड आहे. हायड्रोजनचा रेणू स्वतः आळशी आहे.

प्लॅटिनमच्या बाबतीत वाट वेगळी आहे. ट्रायमिथिल मिथिलसायक्लोपेंटाडायनिल प्लॅटिनम हा प्रिकर्सर ऑक्सिजनबरोबर ३०० अंशांच्या आसपास चांगला चालतो, कारण प्लॅटिनमचा पृष्ठभागच ऑक्सिजनचे विघटन करतो आणि लिगंड जाळून टाकतो. ऑक्साइडवर सुरुवातीला प्लॅटिनमच नसते, म्हणून पहिली चक्रे मंद जातात आणि सलग थराऐवजी बेटे तयार होतात. ओझोन किंवा प्लाझ्मा वापरून तापमान बरेच खाली आणता येते.

तांब्यासाठी डायइथिल झिंकलाच क्षपणक म्हणून वापरण्याची कल्पना २००९ मध्ये मांडली गेली. तांब्याच्या अमिनो-अल्कॉक्साइडबरोबर लिगंडची अदलाबदल होऊन १०० ते १२० अंशांना तांबे मिळते. रसायन सुंदर आहे, पण तापमान वाढू लागले की थरात जस्त शिरते. एका धातूचे अल्किल वापरून दुसरा धातू क्षपित करताना पहिला धातू थरात उरला आहे का हे एक्सपीएसने (क्ष-किरण प्रकाशइलेक्ट्रॉन वर्णपटमापनाने) तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. विद्युतरोध अपेक्षेपेक्षा जास्त येत असेल तर पहिली शंका तेथेच घ्यावी.

१०. डब्याचे तापमान किती ठेवावे? वाफ कमी पडते म्हणून ते वाढवले तर चालेल का?

टीएमए आणि डायइथिल झिंक खोलीच्या तापमानालाच वापरावेत. कथिलाच्या अमाइडला सहसा ५० ते ६० अंश, टायटॅनियम आणि हाफ्नियमच्या अमाइडना ७५ अंशांच्या आसपास, तर प्रश्न ९ मधल्या प्लॅटिनम संयुगाला ७० अंशांच्या आसपास ठेवतात. डब्यापासून चेंबरपर्यंतची नळी आणि व्हॉल्व्ह डब्यापेक्षा दहा-वीस अंश अधिक गरम असावेत, नाहीतर वाफ वाटेतच थंड जागी द्रवरूप होते. बाहेरून तापकपट्टी व्यवस्थित दिसली तरी जोडाच्या नटाजवळ पट्टी उघडी पडलेली असते, आणि वाफ नेमकी तेथेच द्रवरूप होते. दाबाचा आलेख पाहिल्यास प्रत्येक सोडवणुकीची, म्हणजे प्रिकर्सर चेंबरमध्ये सोडण्याच्या प्रत्येक वेळेची, उंच, टोकदार रेघ जाऊन बसकी आणि लांब शेपटीची रेघ येऊ लागते. ते या बिघाडाचे लक्षण आहे.

वाफ कमी पडते म्हणून अमाइडचा डबा भराभर तापवणे टाळावे. महागडा प्रिकर्सर हळूहळू विघटित होतो, डब्यात अबाष्पशील गाळ साठतो आणि वाफ आणखी कमी होते. त्याऐवजी व्हॉल्व्ह उघडा ठेवण्याची वेळ वाढवावी, किंवा डब्यातून निष्क्रिय वायू खेळवावा.

११. होत आहे ते खरोखर एएलडी आहे, हे कसे ओळखावे?

प्रिकर्सरची मात्रा दुप्पट करावी. एका चक्रातली वाढ बदलता कामा नये. मग दोन्ही पर्ज दुप्पट करावेत. वाढ घटली तर आधीचा पर्ज अपुरा होता. तापमान बदलले तरी वाढ तीच राहते अशा सपाट पट्ट्यावर एकट्यावर विसंबू नये. कमी तापमानाला संघननामुळे वाढ फुगते आणि अभिक्रिया अपुरी राहिल्यामुळे घटते, आणि हे दोन्ही परिणाम एकमेकांना झाकून फसवी सपाटी दाखवू शकतात.

१२. हेक्झेनमधील टीएमएचे द्रावण स्वस्त आणि हाताळायला सोपे आहे. ते डब्यात भरता येईल का?

भरू नये. हेक्झेन टीएमएपेक्षा अधिक बाष्पशील असल्यामुळे सुरुवातीला डब्यातून मुख्यतः हेक्झेनच निघते, मिश्रणाचे प्रमाण रोज बदलत जाते आणि कोणतीही मात्रा पुन्हा तशीच मिळत नाही. ही द्रावणे संश्लेषणासाठी आहेत. निक्षेपणासाठी द्रावकरहित, इलेक्ट्रॉनिक श्रेणीचा माल पोलादी डब्यात भरलेलाच घ्यावा.

१३. कमी तापमानाचा अॅल्युमिना ओलाव्यापासून ओएलईडीचे रक्षण करील का?

काही काळ नक्की करील. ओएलईडीसाठी दर चौरस मीटरला दिवसाला १०⁻⁶ ग्रॅम इतक्याच पाणी-पारगम्यतेचे लक्ष्य ठेवले जाते आणि अॅल्युमिनाचा अखंड थर त्या दिशेने खूप जवळ नेतो. पण प्रश्न ४ मध्ये सांगितलेला हायड्रोजनयुक्त, विरळ अॅल्युमिना पाण्याच्या दीर्घ संपर्कात स्वतःच झिजतो. म्हणून अॅल्युमिनाबरोबर झिर्कोनिया किंवा टायटॅनियाचे काही नॅनोमीटरचे थर आलटून पालटून रचतात. धुळीच्या एका कणानेही या सगळ्यात छिद्र राहते. स्वच्छ खोलीची शिस्त प्रिकर्सरच्या निवडीइतकीच महत्त्वाची आहे.

१४. हे प्रिकर्सर किती धोकादायक आहेत, आणि आग लागली तर काय करावे?

टीएमए आणि डायइथिल झिंक हवेत येताच पेटतात आणि पाण्याशी स्फोटक वेगाने अभिक्रिया करतात. आग विझवण्यासाठी कोरडी रासायनिक पूड, कोरडी वाळू किंवा व्हर्मिक्युलाइट वापरावे. पाणी आणि फेस कदापि नको, कार्बन डायऑक्साइडवर विसंबू नये, आणि हॅलोजनयुक्त विझवणी तर आणखी भडका उडवते. प्रयोगशाळेच्या दाराबाहेर लावलेला सिलिंडर कोणत्या प्रकारचा आहे हे आजच वाचून यावे. कार्बोनिल संयुगांचा धोका वेगळा आहे. निकेल कार्बोनिल अत्यल्प प्रमाणातही प्राणघातक ठरू शकते, म्हणून गॅस संवेदक आणि बंदिस्त कपाट नसलेल्या ठिकाणी त्याचा विचारही करू नये.

दुर्लक्षित धोका पंपाच्या नळीत असतो. चेंबरमध्ये वेगवेगळे ठेवलेले दोन अभिकारक पंपाकडे जाताना एकत्र येतात, तेथे भुकटी साठते आणि तिच्यात न जळलेला प्रिकर्सर अडकून राहतो. देखभालीसाठी ही नळी उघडण्याआधी दीर्घकाळ नायट्रोजन फिरवावा, आणि उघडताना पांढरा धूर दिसला तर ताबडतोब पुन्हा बंद करावी.

१५. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात वेगळी काळजी घ्यावी लागते का? आणि माल यायला इतके महिने का लागतात?

काळजी घ्यावी लागते. पेट आणि पॉलिइमाइड दमट हवेतले पाणी शोषून घेतात. असा सब्स्ट्रेट सरळ चेंबरमध्ये ठेवला तर पहिल्या काही चक्रांत त्यातून निघणारे पाणी टीएमएला भेटते आणि थराचा पायाच सच्छिद्र होतो. सब्स्ट्रेट आधी निर्वातात, सोसेल तितक्या तापमानाला, काही तास ठेवावा. डबा बदलताना उघडलेल्या जोडाच्या आतल्या भिंतीवरही ओल बसते, म्हणून प्रत्येक वेळी धातूचे नवे गास्केट घालून, निर्वात आणि नायट्रोजन यांची आवर्तने अनेकदा करून, हेलियमने गळती तपासूनच डब्याचा व्हॉल्व्ह उघडावा.

मालाच्या विलंबाचे मुख्य कारण त्याचा धोकावर्ग आहे. हवेत पेटणारी आणि पाण्याशी अभिक्रिया करणारी द्रव ऑरगॅनोमेटॅलिक द्रव्ये संयुक्त राष्ट्रांच्या ३३९४ या क्रमांकाखाली जातात आणि ती विमानाने पाठवता येत नाहीत. ती जहाजाने येतात, आणि परदेशी पुरवठादार बहुधा पुरेसा माल गोळा झाल्यावरच ती पाठवतात. डबा निम्म्यावर आला की पुढची मागणी नोंदवावी.

१६. डबा रिकामा झाला हे कसे कळते, आणि रिकामा डबा धुता येतो का?

सोडवणुकीच्या वेळचा दाब हळूहळू उतरत गेला आणि वेळ वाढवूनही पूर्ववत झाला नाही, तर तळ जवळ आला आहे असे समजावे. खात्रीसाठी वापरण्याआधीचे वजन डब्यावर लिहून ठेवावे आणि काढल्यावर पुन्हा तोलावे. रिकामा म्हणून काढलेल्या डब्यातही तळाशी काही ग्रॅम द्रव उरलेला असतो आणि तो पूर्ण डब्याइतकाच ज्वालाग्राही असतो. तो पाण्याने किंवा अल्कोहोलने धुण्याचा प्रयत्न स्वतः करू नये. व्हॉल्व्ह घट्ट बंद करून, तोंडावर धातूचे टोपण बसवून, तो पुरवठादाराकडे परत पाठवावा. खरेदीच्या वेळीच परतीची अट करारात लिहून घ्यावी.